पाण्याखालची चतुःसीमा

वन्सं,

तुमच्या दहाव्याला सरपंच बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "केशरबाई अत्यंत धार्मिक वृत्तीच्या होत्या. तळ्यावरच्या साती आसरा देवींची सेवा त्यांनी जन्मभर केली." मी पदर तोंडावर ओढला. शेजारच्या सोनाबाईला वाटलं मला हुंदका आला. ती पाठीवरून हात फिरवायला लागली. मी हसत होते. तुम्ही तिथं असता तर सरपंचाला खाली बसवून विचारलं असतं, "आसरा काय वळखीच्या हायत व्हय मपल्या?"

कावळा मात्र लगेच आला. पिंड ठेवून लोक मागं सरकतात न सरकतात तोवर आलाच. सगळे म्हणाले, म्हातारीचं काही राहिलं नव्हतं, तृप्त गेली. मला ते जरा झोंबलं. तुमचं राहिलं नसेल, माझं राहिलंय. एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही मला उभ्या आयुष्यात दिलं नाहीत. शेवटी तोच प्रश्न सरकारनं विचारला, तर त्यालाही दिलं नाहीत आणि उठून गेलात. म्हणून हे लिहिते आहे. तुम्हाला वाचता येत नव्हतं ही सबब आता चालणार नाही. जिथं आहात तिथं वाचून दाखवायला कुणीतरी असेलच. नसलं तर थांबा, मी येतेच आहे मागून.

मी लग्न होऊन या गावात आले ती बीडहून. कोर्टाच्या मागच्या गल्लीत वाढलेली, मॅट्रिक झालेली, आणि सहकाराच्या एका शिबिरात आठवडाभर राहून आलेली. शिबिरात मिळालेला बिल्ला मी साखरपुड्याच्या साडीवरसुद्धा लावला होता. फोटोत अजून दिसतो. आज ती मुलगी माझ्या दारात आली तर मी तिला पाणी देईन, पण बस म्हणणार नाही. एकदा बसली की ती भाषण करते.

तुम्ही तेव्हा माहेरी होतात. सासरच्यांनी टाकलेलं, पोटी मूल नाही. मामंजींनी पडवीसकट एक खोली आणि नाल्याच्या कुशीतलं काळंभोर रान तुमच्या नावावर करून दिलं होतं. बाईच्या नावावर जमीन ही तेव्हा गावात चेष्टेची गोष्ट होती. तुम्ही त्या रानाला रान म्हणतच नव्हतात. "मपल्याकडं जाऊन येते," एवढंच बोलून निघायचात. मपलं म्हणजे माझं. तो शब्द मी बीडलाही ऐकला होता, पण असा ठासून कुणी म्हणताना ऐकला नव्हता.

आल्या आल्याच मी तुम्हाला चुलीपुढं बसवून समजावलं की खासगी मालमत्ता हे सगळ्या भांडणांचं मूळ आहे. जमीन सगळ्यांची, विहीर सगळ्यांची, दूध सगळ्यांचं. तुम्ही भाकरी थापत थापत ऐकलंत.

"अन् ही साडी?" तुम्ही विचारलंत.

"कोणती?"

"आंगावरची. उद्या मी नेसू का?"

ती आईनं घेतलेली जांभळी साडी होती, काठाला जर असलेली. मी म्हणाले की साडीची गोष्ट वेगळी आहे. "कावून?" तुम्ही म्हणालात आणि भाकरी उलटलीत. त्या 'कावून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर मी रात्रभर शोधत होते. सकाळी तुम्ही अंगणातून पुन्हा हाक मारलीत, "कुसमे, देती का मग?" तुमचा भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. त्याचं वर्णन करत नाही, ज्यांनी पाहिला त्यांना नको आणि ज्यांनी नाही पाहिला त्यांना पटायचं नाही. नाल्यावर पाझर तलाव करायचं ठरलं. काम निघालं की पोटाला मिळणार होतं, आणि पुढं पाऊस झाला की पाणी अडणार होतं. तलावात ज्यांची रानं जाणार त्यांना चावडीत बोलावलं. एक कागद होता. बाकीच्यांनी अंगठे दिले. तुम्ही विचारलंत, "काय लिव्हलंय त्यात?"

"जमीन राजीखुशीनं देत आहे, असं."

"मला राजी कुनी केलं? अन् खुशी तर कुटं दिसंना."

साहेब म्हणाले, मावेजा, म्हणजे जमिनीची भरपाई, मागाहून मिळेल, भूसंपादनाचे कागद मागाहून होतील. "मागाहून मंजी कवा?" हे तुम्ही विचारलंत ते फार सभ्यपणे विचारलंत, मला आठवतं. उत्तर आलं नाही. तुमचा अंगठाही आला नाही. एका अंगठ्यासाठी काम कोण थांबवणार? दुसऱ्या आठवड्यात तुमच्या बांधावर चुन्याची फक्की पडली.

आणि मी काय केलं? मी कामावर जाऊन भाषण केलं. एका बाईच्या रानापेक्षा गावाची तहान मोठी, असं काहीतरी. टाळ्या पडल्या. उपाशी माणसांनी टाळ्या वाजवल्या म्हणजे आपलं म्हणणं त्यांना पटलं, असं समजण्याइतकी मी तरुण होते. तुम्ही पुढच्याच रांगेत घमेलं उपडं घालून त्यावर बसला होतात. तुम्हीही त्या कामावर होतात, नाहीतर खाणार काय? तुमच्याच रानाची माती खणून बांधावर नेली जात होती, कारण पाणी धरायला बांधाच्या पोटात काळी माती लागते. दुपारी कामावर वाटलेली सुकडी खायला बसलो तेव्हा मी हळूच विचारलं, वन्सं, वाईट वाटतंय का?

"आता ह्यो बांध बी मपलाच झाला की," तुम्ही म्हणालात आणि माझ्या पानातली सुकडी उचललीत. "सगळ्यांची हाय न्हवं?"

तळं भरलं. भरलं तसा खालच्या विहिरींना पाझर फुटला. आमच्या विहिरीला पाणी आलं, आमची मोसंबी उभी राहिली, त्या मोसंबीवर माझी लेकरं शिकली. तळं झालं ते बरंच झालं, हे माझं मत तेव्हाही होतं आणि आजही आहे. तुम्हीही कधी नाही म्हणाला नाहीत. तुम्ही त्याच विहिरीचं पाणी प्यायलात. म्हणूनच मला राहवेना. एकदा मोसंबी तोडताना मी विचारलं, "वन्सं, खरं सांगा. त्यांनी तेव्हा घरी येऊन नीट विचारलं असतं, तर दिलं असतं का रान?"

तुम्ही फांदी सोडलीत. ती माझ्या तोंडावर आपटली.

"इचारून बघायचं व्हतं," तुम्ही म्हणालात.

हेच उत्तर. पुढं कितीदा विचारलं, तुम्हाला ताप असताना विचारलं, तुमचा भाऊ गेला त्याच्या वर्षश्राद्धाला विचारलं, हेच. तुम्ही हो म्हणाला असता तर मी म्हणणार होते, मग भांडण कशाचं? नाही म्हणाला असता तर म्हणणार होते, मग गावाचं काय झालं असतं? दोन्ही भाषणं तयार होती. तुम्ही एकाचीही वेळ येऊ दिली नाहीत.

आपल्याकडं, लातूरच्या हद्दीला लागून असलेल्या गावांत, येळवस करतात. बीडकडच्या मला ती ठाऊकच नव्हती. ऐन थंडीतल्या अमावास्येला सगळं घर रानात जातं, भज्जी-उंडे खातं, आणि आंबिलीचं मडकं घेऊन आपल्या रानाच्या चारी बाजूंनी आंबील शिंपडतं. तळं झाल्यावरच्या पहिल्या येळवसला तुम्ही मडकं डोक्यावर घेतलंत आणि बांधाकडं निघालात. मी म्हटलं, रान तर पाण्यात आहे. "पान्यात हाय. गेलं न्हाई," तुम्ही म्हणालात.

पाण्याभोवती तर फिरता येईना. मग तुम्ही काठावर उभ्या राहिलात आणि आंबिलीची ओंजळ एकेका दिशेला फेकत मोठ्यानं म्हणू लागलात: "उगवतीला नाला. मावळतीला मारुतीतात्याचा बांध. दक्षनेला जोड चिंच. उत्तरेला पांदीची वाट. मधलं मपलं." जमिनीच्या कागदात चारी शिवा लिहितात ना, चतुःसीमा, ती. मामंजींनी तुमच्याकडून पाठ करून घेतलेली.

दर येळवसला तेच. सूर लावून म्हणायचात, कारण लांबवर आवाज जायला हवा. आणि मग आपल्या गावानं जी कमाल केली ती आपलं गावच करू जाणे. शेळ्या राखणाऱ्या बायकांनी ऐकलं की केशरबाई पाण्यापुढं उभी राहून काही म्हणते आणि पाण्याला नैवेद्य देते. पाण्याच्या देवता म्हणजे आसरा. झालं. पुढच्या वर्षी काठावर सात दगड शेंदूर लावून बसले. त्याच्या पुढच्या वर्षी खणानारळाच्या ओट्या आल्या. एकीला तळ्यावर जाऊन आल्यावर दिवस गेले, आणि मग तर विचारायलाच नको. येळवसला बायका तुमच्यामागं हात जोडून उभ्या राहायला लागल्या आणि डोळे मिटून तुमच्यामागून म्हणायला लागल्या, "दक्षनेला जोड चिंच, उत्तरेला पांदीची वाट, मधलं मपलं."

मी घरी येऊन हसून हसून गडाबडा लोळले. "वन्सं, सांगा की त्यांना, हा मंत्र नाही."

"मी सांगितलं. सोनी म्हनली, आक्का, तुमी देवाचं गुपित लपवताव."

"मग?"

"मग म्हनू दे. चार तोंडांनी मपलंच नाव निघतंय."

सातबाऱ्यावर तुमचं नाव तसंच राहिलं होतं, कारण सरकारनं रान घेताना तुमच्याकडून घेतल्याचा कागदच केला नव्हता. म्हणून तुम्ही शेतसाराही भरत राहिलात. तलाठी म्हणायचा, "आक्का, मासळीचा सारा भरता का?" "तू पावती फाड," तुम्ही म्हणायचात.

इकडं माझी बायकांची दूध सोसायटी चालली होती. मी तिची सचिव. हसू नका, चांगली चालली होती. पत्र्याची एक खोली, वजनकाटा, कॅन ठेवायला ओटा. ती खोली आम्ही बायकांनी स्वतः माती कालवून उभी केली होती. याच काळात कधीतरी बातमी आली की मालमत्तेचा हक्क घटनेतल्या मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. मी पेढे वाटले. आजच्या मुलांना खरं वाटणार नाही, पण अशा बातमीचे पेढे वाटणाऱ्या बायका तेव्हा होत्या. निदान एक तरी होती. तुम्ही दोन खाल्लेत आणि विचारलंत कशाचे. मी म्हणाले, आता जमीन हा मूलभूत हक्क राहिला नाही. मोठ्या जमीनदारांचा माज उतरेल.

"बरं झालं," तुम्ही बोटं चाटत म्हणालात. "मपल्याकडं तर तवाबी राह्यला नव्हता."

काही वर्षांनी एका सकाळी आमची खोली पाडली. रस्ता रुंद करायचा होता. नोटीस नाही, निरोप नाही. आम्ही दूध घेऊन पोचलो तर पत्रे बाजूला रचलेले आणि ओट्याच्या जागी खड्डा. मी तिथून सरळ तुमच्याकडं आले. तुम्ही बांधावर बसला होतात.

"वन्सं, न विचारता पाडलं हो. आमची खोली होती. आम्ही बांधलेली."

मला वाटलं आता तुम्ही बोलणार. बोलायला सगळं रान मोकळं होतं. तुम्ही मला माझं एकही भाषण परत ऐकवू शकला असता, तुम्हाला सगळी पाठ होती. तुम्ही फक्त थोडं सरकलात. "बस हितं," म्हणालात. मग तुम्ही विचारलंत, "काटा तरी वाचला का?" वाचला होता. तो नंतर तुमच्या पडवीत ठेवला आणि सोसायटी तिथून चालली, तुमच्या खासगी मालकीच्या पडवीतून. त्या दिवशी तुम्ही जे बोलला नाहीत त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते.

मग प्रज्ञा आली. आपल्याच गावातली, बौद्ध वस्तीतली, बीडच्या कोर्टात वकिली करणारी. ती लहानपणी येळवसला काठावर बसून तुमचं ऐकायची. तिच्या घरी देवापुढं हात जोडायची रीत नाही, म्हणून ती नुसती ऐकत राहिली, आणि ऐकल्यामुळं सगळ्या गावात तिला एकटीलाच कळलं की हा मंत्र नसून जमिनीच्या शिवा आहेत. वकील झाल्यावर ती थेट तुमच्याकडं आली. "आक्का, तुमची केस चालवते. माझ्या आज्यानं गायरान कसलं, त्याला कागदच नाही. तुमच्याकडं कागद आहे. तुमचं उभं राहिलं तर मला त्यांच्यासाठी भांडायला पाय ठेवायला जागा होईल."

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते. प्रज्ञा आपल्या दोघींच्या मध्ये बसून सांगत होती. मूलभूत हक्क गेला, पण घटनेत एक ओळ राहिली आहे: कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. आणि कोर्टं आता तिला मानवी हक्क म्हणतात. मानवी हक्क म्हटल्यावर मी कान टवकारले. तो माझा प्रांत होता, तुमचा नव्हे. प्रज्ञा म्हणाली, महायुद्धानंतर देशांनी मिळून माणसाच्या हक्कांचा एक जाहीरनामा केला, त्यात हे आहे. प्रत्येकाला एकट्यानं तसंच इतरांसोबत मालमत्ता धारण करण्याचा हक्क आहे, आणि कुणाचीही मालमत्ता मनमानीनं काढून घेतली जाणार नाही.

"आधी काय म्हनलीस?" तुम्ही विचारलंत.

"एकट्यानं तसंच इतरांसोबत."

"आयकलं का कुसमे? आधी एकट्यानं हाय."

"पण इतरांसोबत पण आहे," मी म्हणाले. "माझी सोसायटी आली त्यात."

"मागनं आली."

"तसंच म्हटलंय. तसंच म्हणजे मागनं नव्हे, बरोबर."

प्रज्ञानं कपाळाला हात लावला. ती म्हणाली, पुढं या जाहीरनाम्यातून देशांना बांधून घेणारे करार केले तेव्हा हे कलम त्यांत आलंच नाही, कारण मालमत्तेवर देशांचं एकमत होईना.

"आमच्या दोघींचं झालं न्हाई," तुम्ही तिला म्हणालात, "त्या बिचाऱ्यांचं कसं व्हईल?"

वन्सं, मी तेव्हा कबूल केलं नाही, पण त्या ओळीनं माझी झोप उडवली. आपण दोघी इतकी वर्षं एकमेकींच्या विरुद्ध बाजूंना बसून भांडत होतो आणि कुणीतरी आपल्याला केव्हाच एका वाक्यात शेजारी शेजारी बसवून ठेवलं होतं.

कोर्टात सरकारी वकिलांनी म्हटलं, बाई इतकी वर्षं गप्प होत्या. प्रज्ञानं येळवस काढली. दर वर्षी त्या आपल्या रानावर जात होत्या, मोठ्यानं सांगत होत्या. वकील म्हणाले, ते तर देवकार्य, सगळं गाव सांगेल. तुम्हाला पिंजऱ्यात उभं केलं. मी मागच्या बाकावर देवाचा धावा करत होते, हा शब्द बिल्लेवाल्या मुलीनं माफ करावा.

"आजी, तुम्ही तळ्यावर आसरांच्या पूजेला जात होतात ना?"

"देवाला गेले आसते तर नारळ नेला आसता, साहेब. मी आंबील नेत व्हते. आंबील रानाला घालत्यात. तुमच्याकडं देवाला घालत्यात का?"

ते साहेब उदगीरकडचे निघाले. त्यांच्या घरी येळवस होती. ते कागदात बघत राहिले.

तारखांवर तारखा पडत गेल्या, ते सगळं सोडते. शेवटी वरच्या कोर्टानं जे ठरवलं ते प्रज्ञानं आपल्याला सोपं करून सांगितलं. सरकार हे काही बांध कोरणारा शेजारी नव्हे. दुसऱ्याच्या रानात बरीच वर्षं बसलो म्हणून ते आपलं झालं, असं सरकारला म्हणता येत नाही. रान हवं असेल तर कायद्यानं घ्या. मोजा, नोटीस द्या, विचारा, मावेजा द्या. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "मावेजा मला पायजेच हाय. उगं सोडून दिला मनून कुनी कौतुक करू नगा."

मोजणी आली ती पुन्हा दुष्काळातच. तळं आटून तळाला भेगा पडल्या होत्या. गाव हळहळत होतं आणि तुम्ही मात्र नवं लुगडं नेसून बांधावर खुर्ची टाकून बसला होतात, कारण तुमचं रान उघडं पडलं होतं. पण गाळ इतका साचला होता की शिवेचे दगड सापडेनात, आणि मोजणीवाल्याचा नकाशा जागेशी जुळेना. तो घाम पुसत म्हणाला, "आजी, तुमची हद्द कुणाला माहीत आहे का?"

तळ्यात गाळ भरायला आलेल्या बायका होत्या. सोनाबाईनं पाटी खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटले आणि सुरू झाली, "उगवतीला नाला. मावळतीला मारुतीतात्याचा बांध." मग दुसरी, मग सगळ्याच. मोजणीवाला भांबावून बघत होता. नव्या सुना, ज्यांनी तुमचं रान कधी पाहिलं नव्हतं, त्यासुद्धा म्हणत होत्या. जोड चिंचेचं खोड बायकांनी सांगितलं त्या अंगाला खणल्यावर गाळाखाली लागलं. पांदीची वाट लागली. फीत तिथून धरली आणि रान जुळलं. तुम्ही खुर्चीत इतक्या हसत होतात की मला खुर्ची धरावी लागली. हसता हसता तुमचे डोळे गळत होते, आणि सोनाबाई सगळ्यांना सांगत होती, बघा, देवी अंगात आली.

मग ती सुनावणी. बीडच्या कचेरीत, पंख्याखाली. समोरचा अधिकारी आपल्या नातवाच्या वयाचा. त्यानं कागदावरून मान वर केली आणि सरळ तुमच्याकडं बघून विचारलं, "आजी, ही जमीन तलावासाठी घ्यायची आहे. तुमची काही हरकत आहे का?"

तुम्ही माझा हात धरलात. तुमचा हात गरम होता.

"पुन्यांदा म्हना," तुम्ही म्हणालात.

त्याला वाटलं ऐकू आलं नाही. त्यानं मोठ्यानं विचारलं. तुम्ही खिडकीबाहेर बघितलंत, पंख्याकडं बघितलंत, माझ्याकडं बघितलंत. मी पुढं सरकून बसले होते, कारण माझ्या मोसंबीच्या बागेतल्या प्रश्नाचं उत्तर आता येणार होतं.

"इचार करून सांगते," तुम्ही म्हणालात.

प्रज्ञा बाहेर येऊन तुम्हाला रागावली. तळं तर राहणारच आहे, हो म्हणा की नाही म्हणा, आता नुसता कागद व्हायचा. तुम्ही म्हणालात, "त्यांनी लई वर्सं घेतली. मला चार दिस नगंत का?" एसटी स्टँडवर आपण उसाचा रस प्यायलो. तुम्ही दुसरा पेला मागितलात. एवढ्या खुशीत मी तुम्हाला कधी बघितलं नव्हतं. आणि पुढची तारीख यायच्या आत, दुपारी जेवून आडव्या झालात त्या उठल्याच नाहीत.

तुमचं मृत्युपत्र सगळ्यांना ठाऊक होतं. केलंत तेव्हाच चावडीत सांगितलं होतंत, "हिचा मालकीवर इस्वास न्हाई. मनून हिलाच." माझ्या नावावर जन्मात काही नव्हतं. घर ह्यांचं, मग लेकाचं. सोसायटी सगळ्यांची. खासगी मालमत्तेच्या विरोधात बोलून बोलून घसा बसलेली बाई म्हातारपणी जमीनदार झाली, तीही पाण्याखालच्या जमिनीची. तुमच्या आयुष्यातला हा सगळ्यात लांबवर रचलेला विनोद असणार.

काल मी तारखेला गेले. त्याच पंख्याखाली. अधिकाऱ्यानं वारस म्हणून माझं नाव घेतलं आणि म्हणाला, नोंदीसाठी एकदा चतुःसीमा सांगा. मी सुरू केलं. उगवतीला नाला. मावळतीला मारुतीतात्याचा बांध. दक्षिणेला जोड चिंच. उत्तरेला पांदीची वाट. मधलं म्हणायच्या आधी खाली बघितलं तर माझे हात जोडलेले होते. कधी जोडले ते कळलं नाही. "मधलं मपलं," मी म्हणाले. त्यानं लिहून घेतलं.

मग त्यानं विचारलं, "आजी, तुमची काही हरकत आहे का?"

वन्सं, काय सांगू, विचारल्यावर कसं वाटतं ते. माणूस लेखणी धरून थांबतो. आपण बोलेपर्यंत थांबतो. मागं लोक ताटकळलेले असतात, पंखा फिरत असतो, आणि सगळी कचेरी एका म्हातारीच्या तोंडाकडं बघत असते. मी मुद्दाम जरा वेळ लावला. तुमच्या वाटणीचाही लावला.

मग उत्तर दिलं. प्रज्ञानं ऐकलं, अधिकाऱ्यानं लिहिलं, आता ते कागदावर आहे. पण तुम्हाला मी ते सांगणार नाही. मोसंबीच्या बागेपासून मला टांगून ठेवलंत, आता तुमची पाळी. कावळ्याला मध्ये घालू नका, त्याला मी काही बोललेले नाही. या येळवसला आंबिलीचं मडकं मी घेऊन जाईन, बायका मागं उभ्या राहतील, मी म्हणेन ते म्हणतील.

माझं उत्तर कळायला हवं असेल तर मी येईपर्यंत दम धरा, आणि आल्यावर इचारून बघा.